कलाबाईंची डावी मूठ

कलाकाकू हार गुंफताना कधी हातांकडे बघत नसत. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायच्या आणि खाली मांडीवर हात आपलं काम करत राहायचे. उजवा फूल उचलायचा, डावा देठ धरून दोऱ्याचा फास आवळायचा. गप्पा संपेपर्यंत शेवंतीचा हार पायापर्यंत लोळत असायचा. मी नाशिकजवळच्या मखमलाबादला, त्यांच्याच गल्लीत लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून हे शिकवायचा प्रयत्न केला होता. "बघू नको खाली. बघितलं की बोटं लाजतात," असं म्हणायच्या. मला ते कधीच जमलं नाही. पुढे मी पंचवटीत कारंज्याजवळ फुलांचं छोटं दुकान टाकलं आणि हार काकूंकडूनच घेऊ लागले.

कालव्याच्या खालच्या अंगाला त्यांची जमीन. शेवंती, बिजली, झेंडू, कडेला गुलाबाची एक ओळ. बहिरूनाना, म्हणजे काकूंचे यजमान, पाणी आणि फवारणी बघायचे. तोडणी आणि गुंफण काकूंची. एकुलता मुलगा ललित सातपूरच्या कंपनीत पाळीवर जायचा. नाना फार बोलत नसत. काकू दोघांच्या वाटचं बोलायच्या.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी म्हशीसाठी कडबा बारीक करताना काकूंचा डावा हात कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. बांगडी अडकली आणि हात ओढला गेला. नानांनी बटण बंद केलं तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात हात जोडता येईना, म्हणून कोपराच्या खालून काढावा लागला. काकू शुद्धीवर यायच्या आत काढलेला हात तिथल्या माणसानं गुंडाळून नानांच्या ताब्यात दिला. माणसाचा अवयव, कचऱ्यात कसा टाकायचा? नानांनी तो आपल्या उपरण्यात बांधला, घरी आणला आणि कुठंतरी पुरला. कुठं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ललितलाही नाही.

काकू बऱ्या होऊन पहिल्यांदा शेतावर आल्या तेव्हा मी फुलं न्यायला तिथंच होते. बांधावरून त्या हळूहळू चालत आल्या, कुणाशी न बोलता शेवंतीत शिरल्या आणि पार शेवटच्या ओळीपर्यंत, शेवग्याच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"हितंच ठेवला ना?"

नाना खाली बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? सकाळधरनं गार लागतंय. ओलं लागतंय नुसतं. तुम्ही सकाळी या वाफ्याला पाणी दिलं ना?"

नानांनी मान हलवली. पाणी दिलं होतं.

मी तेव्हा मनाशी म्हटलं, माती उकरलेली दिसली असेल, त्यावरून ओळखलं असेल. तरी फुलांचं पोतं उचलताना त्या ओळीकडे माझी पाठ होऊ नये असं मला वाटत होतं. सुरगाण्याहून दरसाल मजुरीला येणारी रंगूबाईही त्या दिवसापासून तिथं तोडायला जाईना. "त्या वळीत बोटांना मुंग्या येत्यात," एवढंच सांगायची. ती एक ओळ झाडावरच वाळून गेली.

दुखणं सुरू झालं ते जखम भरल्यानंतर. आधी सगळ्यांना वाटलं, टाके ओढत असतील. पण काकू ज्या जागेबद्दल बोलायच्या ती जागाच नव्हती.

"मूठ वळलीय गं रूपाली," त्या म्हणायच्या. "घट्ट. नखं तळव्यात रुतलीत. कोणी तरी उघडा, नाय तर नखं तरी काढा."

कोपराखालच्या मोकळ्या हवेकडे बघत त्या हे सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या कपाळावर खराखुरा घाम यायचा. कधी मूठ जळायची, कधी तिच्यातून वीज गेल्यासारखी कळ खांद्यापर्यंत चढायची. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायच्या, तो तसाच ताटात परत ठेवायच्या. हातांकडे न बघणारी ही बाई आता दिवसभर नसलेल्या हाताकडे बघत बसू लागली.

गावात दोन-तीन डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. मग कुणीतरी सांगितलं की नाशकातल्या एका मोठ्या दवाखान्यात फक्त दुखण्यासाठीची वेगळी ओपीडी आहे. माझं दुकान त्याच वाटेवर. ललितच्या पाळीचा मेळ बसत नसे, म्हणून काकूंना स्कूटीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मागे बसल्या की उजव्या हातानं माझा खांदा धरायच्या. गतिरोधक आला की म्हणायच्या, "सावकाश गं. डावा काय धरतच नाय, मूठ वळलेली ना त्याची." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणायच्या की मीही वेग कमी करायचे आणि आरशात मागे बघायचं टाळायचे.

ओपीडीतल्या मोहिनी मॅडम तरुण होत्या, पण ऐकून घेण्याची घाई नसलेल्या. त्यांनी काकूंना वेड्यात काढलं नाही. "हात गेला, पण डोक्यात त्याची जागा तशीच आहे," त्या म्हणाल्या. "तिथं रोज यायचा तो निरोप येत नाही, म्हणून ती जागा ओरडते. दुखतंय ते खरंच दुखतंय." काकूंनी तिथंच डोळ्याला पदर लावला. खरंच दुखतंय, हे त्यांना त्या दिवसापर्यंत कुणी म्हणालं नव्हतं.

आधी नसांच्या गोळ्या दिल्या. मग एकदा आरशाचा व्यायाम करून बघितला. काकूंच्या पुढ्यात आरसा उभा असा ठेवायचा की उजव्या हाताचं प्रतिबिंब डाव्या हाताच्या जागी दिसेल. हात परत आल्यासारखा दिसतो, आणि काहींची आवळलेली मूठ बघता बघता सैल पडते, असं मॅडम म्हणाल्या. काकूंनी आरशात पाहिलं. दोन्ही हात जागेवर होते, धडधाकट. मीही पाहिले. एक क्षण वाटलं, झालं काम.

काकू खुर्चीसकट मागे सरकल्या. "तो माझा नाय."

"काकू, तुमचाच आहे. उजव्याचं प्रतिबिंब."

"तो उघडा हाय. माझा मिटलेला हाय. हा कोणाचा लावला तुम्ही?" त्यांचा आवाज चिरकला. "काढा तो!"

आरसा पुन्हा कधी काढला गेला नाही.

शेवटी मॅडमनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सगळ्या बाजूंनी विचार करून, लहान डोसानं. ते औषध साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दवाखान्यातून मिळायचं तर सही, ओळखपत्र, रिकामी पाकिटं परत आणणं, गोळ्या कुलपात ठेवणं, दुसऱ्या कुणाला न देणं. "हा तुमच्यावर अविश्वास नाही, कायदा आहे," मॅडम म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "तपासा की बाई. मला काय लपवायचंय?"

पहिल्या आठवड्यानंतर मी विचारलं, "मूठ उघडली का?"

"नाय. पण लांब गेली. आता तो हात शेजारच्या खोलीत जाऊन बसलाय. दुखतोय त्याचा तो. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं."

त्या जेवू लागल्या. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून एका हातानं वेण्या करायला शिकल्या. हार पूर्वीसारखा घट्ट बसत नसे, पण मी नेत होते आणि तो खपत होता.

मग लोकांना काकूंचे डोळे दिसायला लागले.

त्या औषधानं डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होतात. काकूंच्या मोहरीएवढ्या झाल्या. सावलीत, घरातल्या अंधुक उजेडातही तेवढ्याच. सवयीप्रमाणे त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायच्या, पण बघणाऱ्याला कळायचं नाही की या आपल्याकडे बघतायत का आपल्यातून. अधूनमधून पेंगायच्या. नाक खाजवायच्या. बायका त्यांच्या ओट्यावर बसायच्या बंद झाल्या. शहरात तेव्हा नशेच्या मालावरून धरपकड चालू होती, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्याचीच चर्चा. "बहिरूची बायको गर्द खाती," असं कुणीतरी म्हणालं आणि तोच शब्द चिकटला.

त्यातच एक हेल्मेटवाला आला. एका दुपारी काकू एकट्याच शेवंती खुडत होत्या. बांधावर मोटरसायकल उभी राहिली. माणूस उतरला, पण हेल्मेट काढलं नाही, काळी काचही वर केली नाही. काकूंना वाटलं, गिऱ्हाईक आहे. त्यांनी भाव सांगितला. तो फुलांकडे बघेचना. काचेच्या आतून म्हणाला, "मावशी, दवाखान्यातून आणता त्या गोळ्या. थोड्या द्या. कुणाला कळणार नाही."

"कोण रे तू? कोणी सांगितलं तुला?"

तो तसाच उभा राहिला. काकू मला सांगत होत्या, "त्याला तोंडच नव्हतं गं. काचेत मीच दिसत होते. आणि काचेतली मी दोन हातांची होते का एका, ते काय मला कळंना." त्यांनी पायाशी पडलेलं खुरपं उचलून त्याच्या दिशेनं फेकलं तेव्हा तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसला, लांब, कालव्याच्या पुलावर. मग कधीच नाही.

पण त्याला कुणीतरी पाहिलं होतं, आणि आता काकू गोळ्या विकतात असंही झालं. दोन पोलीस चौकशीला आले. त्यांनी कागद बघितले, पाकिटं बघितली, मॅडमना फोन लावला आणि चहा घेऊन गेले. काही वावगं नव्हतंच. मात्र जीप दारात उभी असलेली गल्लीनं पाहिली, आणि ललित कामावरून आला तो मान खाली घालूनच.

ललित वाईट मुलगा नव्हता. आईचा हात गेला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तोच रात्रंदिवस बसून होता. पण त्याच्या कंपनीतला एक जण नशेपायी वाया गेला होता, त्याचं घर ललितनं जवळून पाहिलं होतं. त्यानं काकूंच्या खोलीत कॅमेरा लावला. पांढरा, लिंबाएवढ्या डोक्याचा, भिंतीच्या कोपऱ्यात. समोर काही हललं की तो आपणहून तिकडे मान वळवायचा. ललितला कंपनीत बसून मोबाइलवर खोली दिसायची, आणि त्याला बोलताही यायचं.

मी एकदा भर दुपारी गेले तर काकू भिंतीशी बोलत होत्या.

"आत्ताच तर घेतली होतीस ना आई?" भिंत ललितच्या आवाजात म्हणाली.

"सकाळची होती ती. ही दुपारची."

"जरा उशिरा घे."

"बरं." काकूंनी गोळी परत ठेवली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ललित कामावर गेलाय ना? गाडी नाय ना त्याची दारात?"

"गेलाय, काकू. तो कॅमेऱ्यातून बोलतोय."

"ते कळतं मला. पण तो बोलत नसतो तेव्हाही ते वळतं," काकू म्हणाल्या. "मी गप बसलेली असती. जागची हलत नाय. तरी ते माझ्या डाव्या अंगाला वळतं आणि बघत बसतं."

मी वर पाहिलं. कॅमेऱ्यानं मान वळवली ती माझ्याकडे. बारीक किर्र आवाज झाला.

काही दिवसांनी पहिली पाळी सुटल्यावर ललित माझ्या दुकानात आला. उभ्या उभ्याच त्यानं मोबाइल पुढे केला. "रूपालीताई, हे बघा जरा."

चित्रात काकू जमिनीवर भिंतीला टेकून झोपल्या होत्या. उजवा हात गालाखाली. अंगाची काहीच हालचाल नव्हती. कॅमेरा जे हलतं त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतो, असं ललितनं सांगितलं. चौकोन होता, पण काकूंवर नव्हता. त्यांच्या डाव्या बाजूला, मांडीच्या उंचीवर, मोकळ्या फरशीच्या वर होता. पंजाएवढा. तो जागच्या जागी थरथरत होता, थोडा वर व्हायचा, थोडा खाली. कॅमेऱ्यानं त्याच्याकडे मान वळवली होती, त्यामुळे काकू चित्राच्या कडेला गेल्या होत्या आणि मधोमध नुसती रिकामी फरशी.

"पडदा हलत असेल," मी म्हणाले.

"त्या खोलीत पडदा नाही. मी कॅमेरा बदलून आणला. नवा पण हेच करतो." त्याचे डोळे लाल होते. "मला वाटतं ती तिथं काहीतरी लपवते. गोळ्या साठवत असणार. मी फरशी ठोकून बघितली, कोपरे बघितले. काही सापडत नाही."

"ललित, तुला हे बघून लपवलेल्या गोळ्याच दिसतात?"

"मग काय दिसायला पाहिजे?" तो ओरडला. समोर हार घेत असलेलं गिऱ्हाईक दचकलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "ताई, तिचे डोळे बघितलेत ना तुम्ही? ती माझ्याकडे बघते तेव्हा मला वाटतं, आत दुसरंच कोणीतरी आहे. मला माझी आई परत पाहिजे."

त्यानं गोळ्या आपल्या कपाटात ठेवल्या. आधी अर्ध्याच देऊ लागला. मग त्याच आकाराची कॅल्शियमची गोळी आणून तीच देऊ लागला. हे त्यानं मॅडमना विचारलं नाही, मला किंवा नानांना सांगितलं नाही. काकू डोळे मिटून विश्वासानं गोळी गिळायच्या.

अपघातानंतरचा दुसरा फाल्गुन लागला होता, शेवंतीचा हंगाम उलटून गेला होता. मी दुकान लवकर आवरून घरी आले तेव्हा काकूंकडे डोकावले. त्या अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. उन्हाचे दिवस, तरी अंगावर काटा उभा होता. नाक गळत होतं, एकामागून एक जांभया येत होत्या, पोटात पिळा पडल्यासारखं तोंड वाकडं होत होतं. आणि डोळे. कितीतरी महिन्यांनी त्या डोळ्यांत बाहुल्या दिसत होत्या, पण केवढ्या! सगळा डोळाच काळा झाला होता.

"आली गं," त्या दात आवळून म्हणाल्या. "भिंतीपलीकडून आली हिकडं. मूठ. माझ्या उरावर बसलीय."

"गोळी घेतली का?"

"घेती की. लागतच नाय."

किर्र झालं. भिंतीतून ललितचा आवाज आला. "रूपालीताई, काही देऊ नका तिला. थोडे दिवस त्रास होणार. नशा उतरतेय. डोळे बघा तिचे, आधीसारखे व्हायला लागलेत."

"तू काय दिलंयस तिला, ललित?"

कॅल्शियमच्या गोळीचं त्यानं सांगितलं.

मी अंगणात येऊन मॅडमना फोन केला. "ताबडतोब घेऊन या," त्या म्हणाल्या. "हे औषध असं एकदम तोडायचं नसतं. शरीर पेटून उठतं, आणि दबलेलं दुखणं दुपटीनं येतं." मी कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन आले तर अंथरूण रिकामं होतं. कॅमेरा मागच्या दाराकडे मान करून थांबला होता.

"ताई," ललितचा आवाज आता वेगळाच झाला होता, लहान मुलाचा. "आई कुठं गेली? मला ती बाहेर जाताना दिसलीच नाही. चौकोन गेला. नुसता चौकोन दारातून बाहेर गेला."

"तू शेतावर ये," मी म्हणाले आणि तिकडेच पळाले.

काकू शेवग्याखाली गुडघ्यांवर बसून खुरप्यानं माती उकरत होत्या. एका हातानं उकरायचं, खुरपं टाकायचं, त्याच हातानं माती ओढायची, पुन्हा खुरपं घ्यायचं. डाव्या कोपराखालचा तुकडाही तालात हलत होता, दुसऱ्या हातानं माती बाजूला सारावी तसा. पाण्याच्या मोटारीकडून नाना धावत आले.

"कला, ऊठ. उकरू नये ते."

"तुम्ही वळलेली ठेवली." काकूंचा आवाज शांत होता. तोच जास्त भयंकर वाटला. "उपरण्यात आवळून बांधली आणि तशीच ठेवली. उघडा ती. मला एका हातानं उघडता येत नाय."

नाना उभे राहिले. मला वाटलं, तिला उचलून नेतील. त्यांनी काकूंच्या हातातून खुरपं घेतलं आणि स्वतः उकरायला बसले. मी काकूंना मागे ओढून बांधाशी टेकवलं, त्यांचं तोंड माझ्या खांद्यात घेतलं. त्यांना खड्डा दिसत नव्हता. मला दिसत होता.

उपरण्याच्या काळपट चिंध्या वर आल्या. त्याखाली शेवग्याच्या मुळ्या होत्या, बारीक, पांढरट, एकमेकींत गुंतलेल्या. आणि त्या मुळ्यांच्या जाळ्यात हाडं. मुळ्यांनी ती चहूबाजूंनी आवळून धरली होती. नाना एकेक मुळी नखानं तोडू लागले. एवढ्या हळू की काकूंना दुखेल म्हणून जपतायत असं वाटावं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. "हां, हां, झालंच," असं. दुखऱ्या जनावराला बोलतात तसं. एक बोट सरळ करून मातीवर ठेवलं. मग दुसरं.

माझ्या खांद्यावर काकूंचा श्वास मोकळा झाला. "अंगठा सुटला," त्या म्हणाल्या. जरा वेळानं, "हे मधलं."

नानांनी चमकून मागे पाहिलं. काकूंचे डोळे मिटलेले होते.

तेवढ्यात ललित बांधावर पोचला. त्यानं बापाला हाडं मांडताना पाहिलं आणि जागीच बसला. ओरडला नाही, अडवलं नाही. मग रांगत आल्यासारखा आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून बसून राहिला.

नाना अजून मातीत चाचपत होते. खूप वेळ चाचपलं. शेवटी त्यांनी आपला सदरा काढला, सापडलं तेवढं त्यावर उघड्या तळव्यासारखं मांडलं आणि अलगद माती लोटली. हात झटकत ते आमच्याकडे आले.

"दोन राहिली," काकू म्हणाल्या.

पुढं कधीतरी नानांनी मला सांगितलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या दिवशी त्यांना मातीत सापडलंच नाही. दवाखान्यानं दिलं तेव्हा होतं का, तेही त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा त्यांनी उघडून बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही काकूंना दवाखान्यात नेलं. मॅडमनी दाखल करून घेतलं, औषध पुन्हा बेतानं सुरू केलं. संध्याकाळी काकूंना झोप लागल्यावर त्यांनी ललितला समोर बसवलं.

"शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि माणूस व्यसनाच्या नादी लागणं वेगळं," त्या म्हणाल्या. "तुझी आई नशेसाठी घेत नव्हती. ती गोळी घेऊन जेवत होती, झोपत होती, हार करत होती. व्यसन माणसाकडून हे सगळं काढून घेतं. लक्ष ठेवायचं तर ठेवा, आम्हीही ठेवतो. पण तिच्याबरोबर बसून ठेवा."

"मी तिला वाचवत होतो, मॅडम."

"माहीत आहे मला. म्हणून तर रागावत नाहीये."

ललितनं तो चौकोन मॅडमना दाखवला. त्यांनी चित्र दोनदा पाहिलं. "असे कॅमेरे चुकतात," त्या म्हणाल्या, आणि मोबाइल त्याला परत देताना तो जरा लांबूनच धरला. त्यानं घरी जाऊन कॅमेरा उतरवला. भिंतीत स्क्रूची भोकं राहिली, ती त्यानं चुन्यानं बुजवली.

आता या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. काकूंचा डोस मॅडमनी हळूहळू कमी केला आहे, बंद केलेला नाही. अंगठा आणि मधली बोटं दुखत नाहीत. उरलेली दोन अजून तळव्यात रुतलेली असतात, पावसाळी हवेत जास्त. उकरल्यामुळे बरं वाटलं का, असं मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "उकरल्यानं का ललित जवळ बसला त्यानं का गोळीनं, मला काय ठावं? तिन्ही लागलं." दुपारची गोळी आता ललित सुट्टीला असला की स्वतः देतो, आणि ती गिळेपर्यंत त्यांचे डोळे बघत समोर बसतो. त्यांच्या बारीक बाहुल्यांना आता तो घाबरत नाही. गल्लीतल्या काही बायका परत येऊ लागल्या. काही नाहीच आल्या.

मागच्या महिन्यात ओपीडीच्या बाकावर आमच्या शेजारी सायखेड्याचे एक भारत नावाचे गृहस्थ बसले होते. ट्रॅक्टरखाली पाय गेलेला, गुडघ्यावरून. धोतराची रिकामी घडी खाली लोंबत होती. मॅडमनी तीच गोळी सुचवली होती आणि ते नको म्हणून बसले होते.

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "गावात एकदा नाव पडलं की संपलं. त्यापेक्षा सोसतो."

"किती दुखतं?" काकूंनी विचारलं.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग इकडंतिकडं. आवाज अगदी बारीक केला. "बाई, हसू नका. टाच दुखती. नसलेली. कोणी खिळा ठोकावा तशी."

काकू हसल्या नाहीत. त्या वाकल्या आणि त्यांच्या धोतराच्या घडीच्या खालची जागा, जिथं टाच असती तिथली रिकामी फरशी, नीट निरखू लागल्या. बराच वेळ. भारतभाऊ अवघडले नाहीत. उलट त्यांनी मांडी किंचित पुढे सरकवली, दाखवायला सोपं जावं तसं.

"बाहेरच्या अंगाला का?" काकूंनी विचारलं.

"हां! तिथंच." त्यांचे डोळे भरून आले. "तुम्हाला कसं कळलं?"

"गोळी घ्या," काकू म्हणाल्या. "लोक बघतात ते बघू द्या. आणि घरी आल्या-गेल्याला सांगून ठेवा, त्या जागेवर पाय देऊ नका म्हणावं."

आतून नावाचा पुकारा झाला. भारतभाऊ कुबडी घेऊन उठले, दारापर्यंत गेले. समोरून येणारी नर्स घाईत होती; त्यांच्या जवळून जाताना ती रिकाम्या बाजूनं निघाली आणि मधेच, का कोण जाणे, बिचकून वळसा घालून गेली.